खिशातला गांजा कायदेशीर, पण दुकान कुठे? न्यूयॉर्कच्या कायद्याचं एक प्रकरण

“खिसे रिकामे कर.” ब्रॉन्क्समध्ये किंवा पूर्व ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या तरुणांच्या एका अख्ख्या पिढीला पोलिसांचं हे वाक्य ओळखीचं आहे. न्यूयॉर्कच्या गांजा कायद्याची गोष्ट मला इथूनच सुरू करावीशी वाटते. २०२१ चा कायदा याच खिशासाठी लिहिला गेला, आणि पुढे जे बिनसलं त्याचं मूळही तिथेच सापडतं.

खरं तर न्यूयॉर्क राज्यात १९७७ पासून थोडा गांजा जवळ असणं हा तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा नव्हता. २५ ग्रॅमपर्यंत पहिल्या वेळी १०० डॉलर दंड, बस्स. पण त्याच कायद्यात एक पोटकलम होतं: गांजा सार्वजनिक जागी लोकांच्या नजरेस पडेल असा धरला किंवा ओढला, तर फौजदारी गुन्हा. रस्त्यात अडवलेल्या मुलाने पोलिसाच्या सांगण्यावरून खिसा उलटा केला, की आतली पुडी ‘नजरेस पडलीच’. म्हणजे हुकूम पाळल्यामुळेच तो गुन्हेगार ठरायचा. २०११ या एका वर्षात न्यूयॉर्क पोलिसांनी ६ लाख ८५ हजारांहून अधिक वेळा लोकांना रस्त्यात अडवलं, आणि किरकोळ गांजा बाळगल्याबद्दलच्या अटका ५० हजारांच्या वर गेल्या. पकडलेल्यांत ८० टक्क्यांहून जास्त कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते. गांजा ओढण्याचं प्रमाण गोऱ्यांत काही फार कमी नव्हतं. फरक होता तो कुणाचा खिसा तपासला जातो यात. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पोलीस आयुक्त रेमंड केली यांनी, आम्ही खिसा रिकामा करायला लावला म्हणून दिसलेल्या गांजावर हा गुन्हा लावू नका, असं परिपत्रक काढलं. अटका कमी झाल्या, पण सावकाश.

या अटकेचा शेवट बहुतेक वेळा तुरुंगात होत नसे. पण नोंद राहायची. भाड्याचं घर, सरकारी वसाहतीतली खोली, शाळेतली शिपायाची नोकरी, मुलाचा ताबा, प्रत्येक ठिकाणी ती नोंद आडवी यायची. सिनेटर लिझ क्रूगर यांनी २०१३ मध्ये पहिल्यांदा विधेयक आणलं. विधानसभेत बफेलोच्या क्रिस्टल पीपल्स-स्टोक्स यांनी ते लावून धरलं. ज्या वस्त्यांनी या अटका सोसल्या त्यांच्याकडे पैसा परत गेला पाहिजे, यावर त्या शेवटपर्यंत अडून राहिल्या. २०१९ मध्ये दंड आणखी कमी झाला, जुन्या नोंदी पुसण्याची पहिली फेरी झाली. आणि ३१ मार्च २०२१ रोजी राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी पूर्ण कायद्यावर सही केली.

कायद्यात काय होतं

आधी शब्दांचं थोडं सांगते. अमेरिकेत मारिजुआना म्हणून जे विकतात त्यातला ‘फ्लॉवर’ म्हणजे आपला गांजाच, मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे. आपल्याकडच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात फुलोरा वेगळा आणि नुसती पानं, बिया वेगळ्या धरल्या आहेत. भांग त्या फटीतूनच वाचते. अमेरिकन कायद्यात तसा भेद नाही. तिथे फुलोरा, अर्क, अर्क घातलेली गोळी-चॉकलेटं, वाफ ओढायची नळी हे सगळं एकाच छत्राखाली येतं. न्यूयॉर्कच्या नव्या कायद्याने तर मारिजुआना हा जुना शब्दच काढून टाकून ‘कॅनबिस’ हा शब्द घातला.

सही झाली त्याच दिवसापासून २१ वर्षांवरील कुणालाही ३ औंस, म्हणजे सुमारे ८५ ग्रॅम, गांजा आणि २४ ग्रॅम अर्क जवळ बाळगायची मुभा मिळाली. जिथे सिगारेट ओढता येते तिथे गांजाही ओढता येईल, नुसत्या वासावरून झडती घेता येणार नाही, हेही ठरलं. जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जाणार होत्या. विक्रीवर राज्याचा ९ टक्के आणि स्थानिक ४ टक्के कर. खर्च वजा जाता उरलेल्या करातले ४० टक्के शिक्षणाला, ४० टक्के अटकांनी पोळलेल्या वस्त्यांना, २० टक्के व्यसनमुक्ती आणि लोकशिक्षणाला. आणि परवान्यांपैकी निम्मे अशा लोकांना द्यायचं उद्दिष्ट, ज्यांना आजवर या बाजारातून फक्त शिक्षा मिळाली किंवा ज्यांना भांडवलाच्या दारात कुणी उभं केलं नाही.

अमेरिकेतल्या इतर राज्यांच्या कायद्यांशेजारी हा ठेवला तर मला तो आजही सर्वांत न्यायी वाटतो. कोलोरॅडोने २०१२ मध्ये मतदान घेऊन १ जानेवारी २०१४ ला दुकानं उघडली, पण जुन्या कैद्यांचा विचार तिथे फार नंतर आला. न्यूयॉर्कने तो पहिल्या पानावर घेतला.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. बाळगणं पहिल्या दिवसापासून वैध. कुणाला फुकट देणंही वैध. विकत घ्यायला मात्र दुकान नाही. घरच्या कुंडीत लावायचं म्हटलं तर तेही नाही, कारण सामान्य प्रौढांसाठी घरच्या झाडांची मुभा पहिल्या विक्रीनंतर दीड वर्षाने यायची होती. ती प्रत्यक्षात आली जून २०२४ मध्ये. मग खिशातला तो कायदेशीर गांजा यायचा कुठून? कायद्यापाशी या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. शहरापाशी होतं.

२१ महिने

कायदा राबवायला एक नियंत्रण मंडळ आणि एक व्यवस्थापन कार्यालय लागणार होतं. कुओमो तेव्हा आरोपांच्या फेऱ्यात अडकले होते. नेमणुका झाल्या नाहीत. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला, २४ ऑगस्टला कॅथी होकल राज्यपाल झाल्या, आणि त्यांनी काही दिवसांतच मंडळाच्या अध्यक्षपदी ट्रेमेन राइट यांना आणि कार्यालयाच्या प्रमुखपदी क्रिस अलेक्झांडर यांना नेमलं. पाच महिने असेच गेले. गावांना आणि शहरांना वर्षअखेरपर्यंत ‘आमच्याकडे दुकान नको’ म्हणायचा हक्क होता. जवळजवळ निम्म्यांनी तो वापरला. लाँग आयलंडवर लाखोंची वस्ती, पण दुकानांना होकार दिला तो रिव्हरहेड, साउथॅम्प्टन, ब्रूकहेवन आणि बॅबिलॉन या चारच टाउननी.

मी हडसन नदीच्या अलीकडे, न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत राहते आणि कामासाठी रोज नदीखालच्या गाडीने मॅनहॅटनला जाते. २०२२ च्या उन्हाळ्यात दर काही आठवड्यांनी एखादा बंद पडलेला गाळा उजळलेला दिसायचा. हिरवा-जांभळा निऑन, काचेत रंगीबेरंगी पाकिटं, त्यातली कितीतरी मुलांच्या गोळ्यांच्या वेष्टनांची हुबेहूब नक्कल. सुरुवातीला एक पळवाट लोकप्रिय होती: तुम्ही २० डॉलरचं स्टिकर घ्यायचं, सोबत गांजा ‘भेट’. भेट देणं वैध आहे ना! कार्यालयाने ही भेट नव्हे, विक्रीच आहे, असं पत्रांतून बजावलं. पत्रं आली, गाळे उजळतच राहिले. जानेवारी २०२३ मध्ये शहराच्या परिषदेपुढे आलेला अंदाज होता सुमारे १,४०० विनापरवाना दुकानांचा. तेव्हा परवानाधारक दुकानं एका हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी होती.

पोलीस का गेले नाहीत, असं मला अनेकांनी विचारलं आहे. उत्तर पुन्हा त्या खिशात आहे. ज्या आमदारांनी गांजासाठी पोलिसांना लोकांच्या अंगावर सोडणं बंद केलं, त्यांना तोच हात दुसऱ्या दाराने आत घ्यायचा नव्हता. या दुकानांच्या गल्ल्यावर बसलेला पोरगाही बहुतेकदा त्याच वस्त्यांतला, रोजंदारीवरचा. त्यांची ही भीती खोटी नव्हती. पण कायद्यात गल्ल्यावरच्या पोराला सोडून थेट मालकाला आणि गाळेमालकाला धरणारी साधी दिवाणी तरतूदही धड नव्हती. कुणी तपासणी करायची, माल कुणी जप्त करायचा, टाळं कुणी ठोकायचं, सगळं मोघम. अटका पहिल्या दिवशी थांबवल्या हे योग्यच झालं. ते थांबवणं एका दिवसानेही पुढे ढकलायला नको होतं. चूक झाली ती ही की अटका थांबवताना परवान्याविना दुकान थाटणाऱ्याचं शटर खाली ओढायची सोय त्याच कायद्यात, त्याच दिवसापासून केली नाही. या सगळ्या प्रकरणात इथेच घोडं पेंड खातं, असं माझं मत आहे.

पहिला हक्क कुणाचा

मार्च २०२२ मध्ये होकल यांनी जाहीर केलं की राज्यातले पहिले किरकोळ परवाने गांजाची शिक्षा भोगलेल्यांना, किंवा ज्यांच्या आई-वडिलांना, मुलांना, जोडीदाराला ती झाली होती त्यांना मिळतील. आणखी एक अट: अर्जदाराने किमान दोन वर्षं नफ्यातला व्यवसाय चालवलेला असावा. काही सेवाभावी संस्थाही पात्र होत्या. ज्याच्या नावावर अटकेची नोंद आहे आणि तरीही ज्याने सलूनचा, खानावळीचा, बांधकामाचा धंदा उभा करून दाखवला, त्याला राज्याने पहिलं दार उघडून द्यावं, ही कल्पना मला फार मोलाची वाटते. अमेरिकेत याआधी कुठल्या राज्याने इतक्या थेटपणे असं केलं नव्हतं.

पण या माणसाकडे मॅनहॅटनमध्ये गाळा घेण्याएवढा पैसा नसणार, हे राज्याला ठाऊक होतं. म्हणून २०० दशलक्ष डॉलरच्या निधीची घोषणा झाली: ५० दशलक्ष राज्याचे, १५० दशलक्ष खासगी गुंतवणूकदारांचे. राज्याचं वसतिगृह प्राधिकरण, जे एरवी महाविद्यालयांच्या आणि रुग्णालयांच्या इमारती बांधतं, ते गाळे शोधून, सजवून, चावी हातात देणार होतं. अशी १५० दुकानं ठरली होती. खासगी पैसा वेळेत आला नाही. आला तेव्हा परतफेडीच्या अटी इतक्या जड होत्या की परवानाधारकांतूनच ओरड झाली. तयार होऊन हाती आलेली दुकानं ठरलेल्या आकड्याच्या जवळपासही पोचली नाहीत.

गाळ्याचीही अडचण होती. केंद्राच्या कायद्यात गांजा १९७० पासून पहिल्या, सर्वांत कडक यादीत आहे. ज्या इमारतीवर बँकेचं कर्ज आहे तिचा मालक अशा भाडेकरूला बिचकतो. जो बिचकत नाही तो त्याची किंमत भाड्यात लावतो. त्यात अंतराचे नियम: शाळेपासून ५०० फूट, प्रार्थनास्थळापासून २०० फूट, मोठ्या वस्तीत दुसऱ्या परवानाधारक दुकानापासून १,००० फूट. या सगळ्यांत बसणारा गाळा सापडायचा, तो हातून जाऊ नये म्हणून माणूस साठवलेले पैसे टाकून, नातेवाइकांकडून उसने घेऊन करार करायचा, आणि मग मंजुरीची वाट पाहत महिनोन्‌महिने रिकाम्या गाळ्याचं भाडं भरत बसायचा. कोपऱ्यावरच्या विनापरवाना दुकानाला यातला एकही नियम लागू नव्हता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये पहिले ३६ परवाने निघाले: २८ व्यक्तींच्या व्यवसायांना, ८ संस्थांना. २९ डिसेंबरला मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर, ॲस्टर प्लेसपाशी पहिलं दुकान उघडलं. ते ‘हाउसिंग वर्क्स’ या संस्थेचं होतं, जी १९९० पासून एचआयव्हीग्रस्त बेघरांसाठी काम करते. पहिली खरेदी क्रिस अलेक्झांडर यांनी स्वतः केली. शिक्षा झालेल्या व्यक्तीच्या मालकीचं पहिलं दुकान जानेवारी २०२३ मध्ये ब्लीकर स्ट्रीटवर उघडलं. राज्यातलं पहिलं दुकान उघडेपर्यंतच सहीनंतर २१ महिने लोटले होते.

दोन दावे

मग कोर्ट आलं. पहिला दावा मिशिगनमधल्या एका गृहस्थाची बहुसंख्य मालकी असलेल्या कंपनीचा. त्याचीही गांजाची शिक्षा झालेली, पण मिशिगनच्या कायद्याखाली. न्यूयॉर्कला हवी होती न्यूयॉर्कमधली शिक्षा. एका राज्याने दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी व्यापारात दुजाभाव करू नये, या घटनात्मक तत्त्वावर त्याने बोट ठेवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्रीय न्यायाधीश गॅरी शार्प यांनी ब्रुकलिनसह पाच विभागांत परवाने देण्यास मनाई केली. जो माल केंद्राच्या दृष्टीने मुळातच निषिद्ध, त्याच्या आंतरराज्य व्यापाराला घटनेचं संरक्षण मागायचं, हा युक्तिवाद विचित्र वाटतो, पण तो टिकला. वरच्या कोर्टाने मार्चमध्ये मनाई एका विभागापुरती आणली, मे २०२३ मध्ये तडजोड झाली.

दुसरा दावा जास्त जिव्हारी लागणारा होता. सैन्यात जायबंदी झालेल्या चार माजी सैनिकांनी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या कोर्टात विचारलं: कायद्याने ज्यांना प्राधान्य द्यायचं म्हटलंय त्या यादीत अटकांनी पोळलेल्या वस्त्या आहेत, अल्पसंख्याक आहेत, महिला आहेत, अडचणीतले शेतकरी आहेत आणि सेवेत अपंगत्व आलेले सैनिकही आहेत, मग कार्यालयाने स्वतःच्या अधिकारात फक्त एकाच गटाला रांगेच्या पुढे कसं नेलं? न्यायाधीश केव्हिन ब्रायंट यांनी सगळी योजनाच गोठवली. तेव्हा चारशेहून अधिक लोकांच्या हातात तात्पुरते परवाने होते आणि जेमतेम दोन डझन दुकानं चालू होती. बाकीचे भाडं भरत बसले. नोव्हेंबरअखेर तडजोड झाली.

मला या दाव्यातले सैनिक चुकले असं म्हणवत नाही. कायद्याचा मजकूर त्यांच्या बाजूने होता. शिक्षा भोगलेल्यांचा हक्क पहिला हवा होता, तर तसं कायद्यातच लिहायला हवं होतं. विधिमंडळाने पाच नावं लिहिली आणि कार्यालयाने त्यातलं एक उचललं. हेतू कितीही चांगला असो, तो कागदावर नसला की त्याची किंमत ज्यांच्यासाठी तो होता त्यांनाच मोजावी लागते. त्या चारशे लोकांनी ती मोजली.

आणि शेतकऱ्यांनीही. २०२२ च्या वसंतात राज्याने आधीपासून हेंप, म्हणजे याच झाडाचा नशा न आणणारा वाण, पिकवणाऱ्या २०० हून अधिक शेतकऱ्यांना गांजा लावायचे सशर्त परवाने दिले. उघड्यावर एक एकरापर्यंत. पीक शरदात निघालं. विकायचं कुणाला? राज्याबाहेर पाठवणं केंद्रीय गुन्हा, राज्यात दुकान नाही. फुलोरा काही गव्हासारखा कोठारात पडून राहत नाही; वास उडतो, रंग उतरतो, बुरशी धरते. २०२३ च्या उन्हाळ्यात अखेर शेतकऱ्यांना परवानाधारकासोबत मिळून तात्पुरते स्टॉल लावू दिले, तेव्हा पहिल्या पिकाला नऊ-दहा महिने होऊन गेले होते. पिकवून हातात काहीच न येणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. हडसनच्या खोऱ्यातल्या त्या शेतकऱ्यांबद्दल वाचताना मला लासलगावच्या रस्त्यावर ओतलेला कांदा आठवत होता.

टाळं

मे २०२३ मध्ये कार्यालयाला दिवसाला २० हजार डॉलरपर्यंत दंडाचा अधिकार मिळाला. दंड लागले, वसूल फार थोडे झाले. जानेवारी २०२४ मध्ये खुद्द होकल यांनी या अंमलबजावणीला ‘आपत्ती’ म्हटलं. मार्चमध्ये त्यांनी राज्याच्या सामान्य सेवा विभागाच्या आयुक्त जनेट मॉय यांच्याकडे चौकशी सोपवली. मे महिन्यातल्या अहवालात हजारो अर्ज तुंबलेले, ते तपासायला पुरेशी माणसं नाहीत, अर्जदाराला आपला कागद कुठे अडला हेही कळत नाही, असं चित्र निघालं. अलेक्झांडर पायउतार झाले.

खरा फरक पडला एप्रिल २०२४ च्या अंदाजपत्रकासोबत आलेल्या कलमाने. स्थानिक प्रशासनाला विनापरवाना दुकानाला जागच्या जागी टाळं ठोकायचा अधिकार मिळाला. तेव्हाचे महापौर एरिक ॲडम्स यांच्या मोहिमेत शहराच्या शेरिफनी काही महिन्यांत हजाराहून अधिक दुकानं बंद केली. ऑक्टोबरमध्ये क्वीन्सच्या एका न्यायाधीशांनी एका प्रकरणात शेरिफना फटकारलं, कारण सुनावणी अधिकाऱ्याने टाळं काढायची शिफारस केलेली असतानाही शेरिफनी ती डावलली होती. घाईत केलेल्या अधिकारात अशी भोकं राहतात. तरीही बाजाराचा काटा हलला. २०२३ संपताना राज्यात चाळीसएक परवानाधारक दुकानं होती. २०२४ संपताना अडीचशेच्या वर, आणि एकूण विक्री एक अब्ज डॉलरच्या घरात. २०२५ मध्ये दुकानं पाचशेच्या पुढे गेली. तीन वर्षं जे अशक्य म्हटलं जात होतं ते टाळ्यांनी काही महिन्यांत करून दाखवलं. म्हणजे ते २०२१ मध्येही करता आलं असतं.

नोंदी पुसण्याचं काम मात्र बिनबोभाट झालं, आणि त्याची बातमी क्वचितच झाली. २०१९ आणि २०२१ च्या दोन फेऱ्या मिळून सुमारे ४ लाख नोंदी पार्श्वभूमी-तपासणीतून बाहेर पडल्या. हे यश मी दुकानांच्या आकड्याच्या वर ठेवते.

नदीच्या माझ्या बाजूला न्यू जर्सीने उलटा क्रम लावला होता. फेब्रुवारी २०२१ मध्ये कायदा, एप्रिल २०२२ मध्ये विक्री सुरू, तीही आधीपासून औषधी गांजा विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या दुकानांतून. तिथे विनापरवाना दुकानांचं असं पेव फुटलं नाही. पण छोट्या माणसाला दार उघडलं तेव्हा मोठे आधीच गल्ल्यावर बसलेले होते, आणि घरी झाड लावणं तिथे अजूनही गुन्हा आहे. व्हर्जिनियात तर तिसरीच तऱ्हा: जुलै २०२१ पासून बाळगणं आणि घरी चार झाडं लावणं वैध, पण किरकोळ विक्रीचं विधेयक तेव्हाचे राज्यपाल ग्लेन यंगकिन यांनी २०२४ आणि २०२५ अशी दोनदा परत पाठवलं. न्यूयॉर्कचे २१ महिने ज्यांना फार वाटतात त्यांनी तिकडे बघावं.

आपल्या मुलांसाठी

इथे मला विषय थोडा बाजूला नेऊन आपल्याकडून शिकायला आणि नोकरीला आलेल्या मुलामुलींशी बोलायचं आहे. पुण्या-नागपूरहून होबोकनला, न्यूअर्कला, मॅनहॅटनला आलेल्या विद्यार्थ्याला वाटतं, दुकानाला परवाना आहे, पावती मिळते, म्हणजे हे बिअरसारखंच. नागरिकासाठी जवळजवळ तसंच आहे. व्हिसावरच्या किंवा ग्रीन कार्डवरच्या माणसासाठी मुळीच नाही. स्थलांतराचा कायदा केंद्राचा आहे आणि केंद्राच्या लेखी गांजा अजून नियंत्रित पदार्थ आहे. शिक्षा व्हायलाच हवी असंही नाही. अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुलीसुद्धा प्रवेश किंवा ग्रीन कार्ड नाकारायला पुरेशी ठरू शकते. १९ एप्रिल २०१९ रोजी नागरिकत्व व स्थलांतर विभागाने स्पष्ट केलं की राज्यात वैध असलेला गांजाही नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ‘सच्चारित्र्या’च्या आड येऊ शकतो, आणि अशा परवानाधारक दुकानातली नोकरीही. सुट्टीत दुकानात काम मिळतंय म्हणून खूश झालेल्याने हे दोनदा वाचावं. फोनमधले फोटो, गप्पांतले संदेश विमानतळावर पाहिले जाऊ शकतात. न्यूयॉर्कमध्ये कायदेशीर विकत घेतलेलं गोळीचं पाकीट खिशात घालून नदीखालच्या गाडीने जर्सी सिटीला आलं, की दोन वैध राज्यांच्या मध्ये केंद्रीय कायदा मोडलेला असतो. डिसेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी गांजा तिसऱ्या यादीत नेण्याची प्रक्रिया वेगाने करा, असा आदेश काढला. त्याने धंद्यांचा करभार हलका होईल, पण राज्यांतली दुकानं त्याने केंद्राच्या नजरेत वैध होत नाहीत, आणि व्हिसावरच्या मुलाचा धोका तिसऱ्या यादीतही नियंत्रित पदार्थाचाच राहतो.

पुन्हा एक पत्र

जुलै २०२५ च्या अखेरीस सुमारे १५० परवानाधारकांना आणि अर्जदारांना कार्यालयाकडून पत्र गेलं. शाळेपासूनचं ५०० फूट अंतर आपण आजवर शाळेच्या दारापासून मोजत होतो. कायद्याप्रमाणे ते शाळेच्या आवाराच्या हद्दीपासून मोजायला हवं होतं. त्यामुळे तुमचं दुकान नियमात बसत नाही. यातली बहुतेक दुकानं न्यूयॉर्क शहरातली, आणि त्यांत गांजाची शिक्षा भोगून परवाना मिळवलेली पहिल्या फळीतली माणसंही होती. ज्या कार्यालयाने जागा तपासून मंजुरी दिली, त्याच कार्यालयाने वर्ष-दोन वर्षांनी सांगितलं की टेप चुकीच्या ठिकाणी धरली होती. होकल यांनी कायद्यात दुरुस्ती करू असं आश्वासन दिलं, तोवर दुकानं चालू ठेवायला सांगितलं गेलं. काही जण ऑगस्टमध्ये कोर्टात गेले. त्यांचे गाळ्यांचे करार मात्र दहा-दहा वर्षांचे होते, आणि भाडं दर महिन्याच्या १ तारखेला द्यायचं होतं.